शेजाऱ्यांस विचारले असता

तालुक्याच्या दिवाणी कोर्टाचा बेलीफ चाँदपाशा शेख. एकतीस वर्षं लोकांच्या दारात कोर्टाचे कागद पोचवणं हेच त्याचं काम. पण यंदाच्या मार्चमध्ये एका सकाळी त्याच्याच दारात समन्स आलं, आणि सही करताना त्याचा हात असा कापायला लागला की बायको सरदारबीनं त्याच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून बाजूला ठेवला.

समन्स घेऊन आला होता पंचाक्षरी, बेलिफांना कामं वाटणाऱ्या नाझरानं धाडलेला. तोही बेलीफच, वयानं पंधरा वर्षांनी लहान, चाँदपाशाच्या हाताखाली शिकलेला. बिचारा उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभा.

"मामू, माझ्यावर राग धरू नका. नाझरसाहेब म्हणले, तुलाच जावं लागतंय."

"राग कसला रं? काम हाय. टाइम लिव, साडेआठ."

पंचाक्षरीनं टाइम लिहिला आणि चहा न घेता गेला. चाँदपाशानं कागद उलटासुलटा केला. पिंपळदरीच्या मथुराबाईंनी केलेल्या अर्जात साक्षीला हजर राहायचं, तारीख बावीस एप्रिल. वाचायची गरजच नव्हती. हा कागद येणार हे त्याला चार महिन्यांपासून ठाऊक होतं, आणि रोज सकाळी उठला की तो आधी दाराकडं बघायचा.

जूनअखेरीला माणूस रिटायर व्हायचा. तीन महिने राहिलेले. अन् आता हे!

माणूस कसा होता ते आधी सांगतो, म्हणजे एवढी धास्ती कशाची ते कळेल. कोर्टाचा कागद कुणाला आवडतो हो? चाँदपाशाच्या अंगावर लोकांनी कुत्री सोडली, एका म्हातारीनं वरून भांड्याचं खरकटं पाणी ओतलं, एका गुत्तेदारानं तर त्याची सायकल विहिरीत टाकली. पठ्ठ्या डगमगला नाही. छत्री घेऊन हिंडायचा, ऊनपावसासाठी कमी आणि कुत्र्यांसाठी जास्त. परंड्याकडं असताना एक माणूस महिनाभर त्याला गुंगारा देत होता. तो शेवटी सोनारीच्या काळभैरवाच्या जत्रेत दिसला, हातात नारळ घेऊन रांगेत. चाँदपाशा दोन तास उन्हात थांबला. त्याचं दर्शन होऊ दिलं, प्रसाद खाऊ दिला, मग पुढं जाऊन म्हणाला, "आता घ्या पाव्हणं, देवाचं झालं, कोर्टाचं राहिलंय." त्या माणसानं हसत सही केली.

त्याचे काही नेम होते. जप्तीचं किंवा अटकेचं वॉरंट असलं तर दिवस बुडाल्यापासून उगवेपर्यंत बेलिफानं कुणाच्या राहत्या घरात पाय टाकायचा नाही, असा कायदाच आहे. साध्या समन्सला तसलं बंधन नाही. सुट्टीच्या दिवशी देऊ नये असंही नाही. पण चाँदपाशानं दिवेलागणीचा नेम समन्सलाही लावून घेतला होता. दिवा लागल्यावर कोर्टाचा कागद घरात गेला की त्या घरातली माणसं जेवत नाहीत, असं तो म्हणायचा. दुसरा नेम, ज्यांचा खटला त्यांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. बाटली स्वतःची. आणि तिसरा, माणूस शोधायचा. शोधूनही सापडला नाही, घरात घ्यायला दुसरं कुणी नसलं, तरच कागदाची प्रत दारावर चिकटवता येते. काही बेलीफ पहिल्याच फेरीत चिकटवून मोकळे होतात. चाँदपाशा तीन-तीन खेटे घालायचा. त्यामुळं नवीन जज आले की जुने कारकून त्यांना सांगायचे, साहेब, चाँदपाशाचा रिपोर्ट असला की डोळे झाकून घ्या.

आणि असल्या माणसानं दोन वर्षांपूर्वी, अकरा जानेवारीला माती खाल्ली.

त्या दिवशी त्याच्या पिशवीत मथुराबाईंच्या नावाचं समन्स होतं. साठीतली विधवा बाई, मूलबाळ नाही, एकटी राहणारी. साडेतीन एकर रान. त्या रानाच्या कोपऱ्यात लिंबाखाली तिच्या नवऱ्याची, शिवलिंगप्पांची समाधी. दावा टाकला होता पुतण्यानं. युवराज त्याचं नाव. काकांनी मरायच्या आधी रान माझ्या नावानं लिहून दिलं, असं त्याचं म्हणणं. खरं का खोटं, ते बाईनं कोर्टात येऊन सांगितल्याशिवाय कसं कळणार? आणि तारीख होती पंधराची. कागद तोवर बजावून परत जायला पाहिजे होता.

चाँदपाशा दुपारी एकच्या एसटीनं पिंपळदरीत उतरला तर गावात चिटपाखरू नाही. घरोघरी कड्या, कुलपं. पाराखाली एक कुत्रं तेवढं पाय ताणून पडलेलं. त्याला नवल वाटलं नाही, कारण त्या दिवशी येळवस होती, हे त्याला घरून निघतानाच ठाऊक होतं. न ठाऊक असायला तो काय लंडनहून आला होता? मार्गशीर्षातली अमावस्या. आपल्या धाराशिव-लातूरकडं त्या दिवशी गावात माणूस राहतच नाही. म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, सगळी रानात. कडब्याची खोप करायची, आत लक्ष्मी मांडायची, आणि भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, मडक्यातली गार आंबिल, असं पोट फुटेस्तोवर जेवायचं. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं. हिंदू असो, मुसलमान असो, त्या दिवशी नाही म्हणून पुढं गेलेला माणूस लोकांच्या वर्षभर लक्षात राहतो.

चाँदपाशानं ठरवलं, रानात गाठू बाईला. पाणंदीनं निघाला. आणि पहिलंच रान लागलं ते युवराजचं!

"ओ चाचा! चाचा! कुठं निघाले? या, बसा."

"न्हाय बाबा, काम हाय."

"काम काय पळून चाललंय व्हय? येळवसला असंच जातेत का कुणी?"

तो तीनदा नाही म्हणाला. चौथ्यांदा युवराजची आई ताट घेऊन बांधावर आली. म्हातारी बाई, हातात वाढलेलं ताट. आता तुम्हीच सांगा, काय करायचं माणसानं? एवढ्या वर्षांचा नेम एका बाजूला आणि बांधावर ताट धरून उभी असलेली म्हातारी एका बाजूला. चाँदपाशा बसला. जेवला. दोन तांबे आंबिल प्याला. आंबिलीनं डोळ्यांवर झापड आली, खोपीच्या सावलीत जरा कलंडला, आणि जाग आली तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते.

मथुराबाईंचं रान नाल्यापलीकडं. वळसा घालून जायचं म्हणजे तासाभराची तंगडतोड. शेवटची एसटी सव्वापाचला. गेलोच तर परतताना दिवेलागण होणार. आणि खरं बोलायचं तर पोटात वादीची आंबिल घेऊन प्रतिवादीच्या पुढ्यात उभं राहायची त्याला लाज वाटली. युवराज शेजारीच बसला होता. म्हणाला, "कशाला पाय तोडून घेता चाचा? दाराला लावा की. आमचा गडी येतो संगं, सही करील."

लावला. कुलूपबंद दारावर डिंकानं कागद लावला, गड्याची सही घेतली, धावतपळत एसटी धरली. गाडीतच मांडीवर रिपोर्ट लिहिला. हजार वेळा लिहिलेली वाक्यं ती, पेन आपोआप चालतं. "प्रतिवादी घरी मिळून आली नाही. घरास कुलूप. शेजाऱ्यांस विचारले असता, ती कोठे गेली व केव्हा येईल सांगता येत नाही असे त्यांनी सांगितले. सबब समन्सची प्रत दर्शनी दारावर डकवली."

सही करून पेनाचं टोपण लावलं आणि लिहिलेलं पुन्हा वाचलं. शेजारी? कुठले शेजारी? अख्ख्या गावात एक कुत्रं होतं!

खोडता आलं असतं. तिथंच खोडून खरं लिहिता आलं असतं. पण खोडलं तर काय लिहायचं? बाई रानात होती, मला ठाऊक होतं, मी गेलो नाही, मी जेवून झोपलो होतो? त्यानं रिपोर्टाची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी जमा केला. त्या कागदाचं दारावर पुढं काय झालं, वाऱ्यानं उडाला, शेळीनं खाल्ला का कुणी हातानं काढला, ते देवालाच ठाऊक. मथुराबाई दिवे लागल्यावर घरी आली तेव्हा दारावर काहीही नव्हतं.

तारखेला कोर्टाच्या पट्टेवाल्यानं व्हरांड्यात तीनदा नाव पुकारलं. मथुराबाई शिवलिंगप्पा, हाजीर! चाँदपाशा आत नाझराच्या टेबलाशी बसला होता. त्यानं ऐकलं. आली नाही म्हणजे तिला यायचं नसेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. माणूस दुसऱ्याला फसवायच्या आधी स्वतःला कसा फसवतो बघा. वर्षाच्या आत एकतर्फी निकाल लागला. रान युवराजचं.

गेल्या नोव्हेंबरात ताब्याचं वॉरंट निघालं, आणि ते आलं कुणाच्या हातात? चाँदपाशाच्याच. रानाचा ताबा घेऊन युवराजला द्यायचा. तो रानात गेला तर मथुराबाई नवऱ्याच्या समाधीवर आडवी पडली. रडली नाही, ओरडली नाही. दोन्ही हातांनी समाधीचा कट्टा धरला आणि मान वर करून विचारलं, "चाँदभाई, ह्याच्या आधी कागद कवा आणलता हो तुमी?"

लोक बघत होते, युवराज बघत होता. चाँदपाशा खाली बघून एवढंच म्हणाला, "आणलता की." आणि रिपोर्ट लिहिला, ताबा देताना अडथळा झाला, पोलीस बंदोबस्त पाहिजे. ते खरं होतं. बंदोबस्त मिळेपर्यंत बाईला दिवस मिळाले. तिनं आपल्या पाटल्या मोडल्या आणि अर्पिता नावाच्या एका तरण्या वकिलीणबाईकडून अर्ज टाकला. मला समन्स मिळालंच नाही, निकाल रद्द करा, माझं ऐका. आता सगळं एका गोष्टीवर अडलं. त्या दिवशी समन्स कायद्यानं बजावलं गेलं की नाही? बजावलं असेल तर रान गेलं, समाधीसकट. आणि ते सांगणारा माणूस जगात एकच.

अर्ज पडल्यापासून चाँदपाशाला धसका बसला तो कॅलेंडरचा. हसू नका. अर्जात नुसती अकरा जानेवारी होती. येळवस दर वर्षी वेगळ्या तारखेला पडते, ती कुणाच्या डोक्यात राहते? पण मराठी कॅलेंडरात तारखेखाली बारीक अक्षरात छापलेलं असतंच. कुणी त्या सालचं पान उलटून बघितलं की संपलं. शेजाऱ्यांना विचारलं म्हणे, येळवसला! पोरगं सुद्धा हसेल. म्हणून कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर खिळ्याला जुनी कॅलेंडरं दिसली की तो त्यांच्याकडं पाठ करून बसायचा. वकिलीणबाई तिथंच चहा प्यायची. तिची नजर भिंतीकडं वळली की हा कप अर्धा टाकून उठायचा.

घरी तर आणखी वेगळीच तऱ्हा. सरदारबी जुन्या कॅलेंडरची पानं फडताळात डब्यांखाली अंथरायची. समन्स आलं त्याच दिवशी ती बाजाराला गेल्यावर चाँदपाशानं एकेक डबा उचलून बघितला. हरभऱ्याच्या डाळीखाली त्या सालचा जानेवारी सापडला. त्यानं पान काढलं, घडी घालून टोपीच्या आतल्या पट्टीत खोवलं. जाळून टाकायचं धाडस झालं नाही. का झालं नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एप्रिलच्या सुरुवातीला युवराज घरी आला. मोटारसायकल दारात, हातात आंब्याची पेटी. चाँदपाशानं पेटीला हात लावला नाही. युवराज पाय पसरून बसला.

"चाचा, तुमाला काय बी करायचं न्हाय. लिवलंय तेच बोलायचं. त्या बाईनं शेजाऱ्याचं नाव इचारलं तर म्हणा, दोन वर्सं झाली, ध्यानात न्हाय."

"आन खरं इचारलं तर?"

"खरं काय त्यात?" युवराज हसला. "आमच्या रानात जेवलात, झोपलात, हे म्या कशाला कुणाला सांगू? तुमच्या नोकरीचा सवाल हाय. शेवटचे दोन-तीन महिने. इन्क्वायरी लागली तर कशाला उगं म्हातारपणी हाल?"

गोड आवाजात बोलला. हा सांगतो म्हणत नव्हता, सांगत नाही म्हणत होता, आणि तेच जास्त भयानक होतं. आंब्याची पेटी तशीच परत गेली, पण भीती घरात राहिली.

त्यानंतर त्याचं जेवण तुटलं. कोर्टात कुणी मागून हाक मारली तरी तो दचकायचा. नाझरसाहेबांनी सहज म्हणून सर्व्हिस बुक मागवलं, रिटायरमेंटचे कागद करायला, तर ह्याला वाटलं झालं, कळलं. पंचाक्षरी विचारायचा, मामू, शुगर तपासली का? एके दिवशी दुपारी सरदारबीनं डाळीचा डबा खाली आपटला.

"वो जनवरी का पान कायकू निकाले जी तुम?"

चाँदपाशा डोक्यावरची टोपी सारखी करायला लागला.

"तीस बरस डब्बे मैं पोंछी. तुम कबी फडताळ उघडे नै. उस दिन कायकू उघडे?"

आणि मग त्यानं सांगितलं. टोपीतून पान काढून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं, म्हातारीचं ताट, आंबिल, कुत्रं, सगळं. सांगताना ढसाढसा रडला. सरदारबीला वाचता येत नव्हतं, तिनं त्या पानावरून नुसता हात फिरवला.

"तुमना डर किसका है? जजसाब का?"

"न्हाय."

"नोकरी का?"

"हाय. खोटं कशाला बोलू, हाय. पण त्याच्यापेक्षा ती बाई. मी पिंजऱ्यात असताना ती समोर बसणार. तिनं मला पुन्ना तेच इचारलं तर?"

सरदारबीनं काही उपदेश केला नाही. पान त्याच्या टोपीत होतं तसं ठेवलं आणि भाकरी करायला उठली. त्या दिवशी मात्र त्यानं अर्धी भाकरी खाल्ली.

बावीस एप्रिल. कोर्टात पंखे फिरत होते तरी माणसं घामानं भिजलेली. जज बाई कोकणाकडच्या, इथं येऊन सहा महिने झालेले. मथुराबाई मागच्या बाकावर, पदर घट्ट धरून. चाँदपाशा आयुष्यभर ह्या खोलीत कागद घेऊन आला-गेला, पण पिंजऱ्यात चढताना त्याला ती पायरी दिसलीच नाही, ठेच लागली. शपथ घेतली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही.

युवराजच्या वकिलानं रिपोर्ट दाखवला. ही सही तुमची? माझी. मजकूर तुम्हीच लिहिला? मीच लिहिला. रिपोर्टात लिहिल्याप्रमाणे समन्स दारावर लावलं?

"दारावर लावलं," चाँदपाशा म्हणाला. एवढं तरी खरं होतं.

मग अर्पिता वकील उठल्या. हुशार पोरगी, पण नवीन. पुस्तकातले सगळे प्रश्न तिनं लिहून आणले होते. दार कोणत्या दिशेला? उगवतीला. कुलूप होतं? होतं. किती वेळा गेलात? एकदाच. एकदाच का? पंधराची तारीख होती. एकेका प्रश्नाला चाँदपाशाचा जीव वर-खाली होत होता. येळवसचा 'ये' सुद्धा तिच्या तोंडून निघेना. शेवटी तिनं विचारलं, "ज्या शेजाऱ्यांना तुम्ही विचारलं, त्यांची नावं सांगा."

युवराज पहिल्या बाकावर बसून अंगठ्यानं मोबाईल पुसत होता.

"दोन वर्सं झाली," चाँदपाशा म्हणाला. "नाव... ध्यानात न्हाय."

अर्पिताबाईंनी कागदांवर नजर फिरवली, थोडं थांबल्या, आणि नाइलाजानं म्हणाल्या, "आणखी काही विचारायचं नाही."

"साक्षीदार, तुम्ही जाऊ शकता," जज म्हणाल्या.

झालं! संपलं! सुटला होता माणूस. पायरी उतरायची, दारातून बाहेर पडायचं, जूनअखेरीला हार घालून घ्यायचा. कुणीही त्याला अडवणार नव्हतं. चाँदपाशानं पिंजऱ्याचा कठडा सोडला आणि सहज मागं बघितलं. मथुराबाईनं त्याला दोन्ही हात जोडले होते. तिला कोर्टातलं काही कळलं नव्हतं. ओळखीचा माणूस उभा होता, म्हणजे आपल्या बाजूनंच बोलला असेल, असं तिला वाटलं होतं.

त्यानं पुन्हा कठडा धरला.

"बाईसाहेब, नाव ध्यानात असणार कसं? शेजारीच नव्हते. त्या दिवशी येळवस होती."

काय सांगू तुम्हाला, त्या खोलीत जे झालं ते! टंकलेखकाची बोटं थांबली. दाराशी उभा पोलीस सरळ झाला. बाकांवर आपापल्या तारखांची वाट बघत बसलेली, ह्या खटल्याशी घेणं ना देणं अशी माणसं, त्यांच्या तोंडून एकदम 'अरारा' निघालं. युवराजच्या वकिलानं कपाळाला हात लावला. अर्पिताबाईंनी डोळे मिटून घेतले. सगळ्यांना कळलं. एकट्या जजना कळलं नाही.

"येळवस म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"त्या दिवशी गावात कुणी नसतंय साहेब," पट्टेवाल्याच्या तोंडून निघून गेलं. "सगळे रानात."

चाँदपाशानं टोपी काढली, आतल्या पट्टीतून घामानं ओलं झालेलं पान काढलं आणि पुढं धरलं. भीती गेली बिली नव्हती हो. उलट वाढली होती. पण तोंड सुरू झालं होतं आणि आता ते थांबत नव्हतं. बाई रानात हाय हे मला ठाऊक होतं. मी वादीच्या रानात जेवलो. झोपलो. मी तिला शोधलं न्हाय. शेजाऱ्याचं खोटं लिवलं. आत्ता बी खोटं बोललो. जज एकेक वाक्य लिहून घेत गेल्या. शेवटी त्यांनी चष्मा काढून विचारलं, "याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत ना?"

"व्हय साहेब. मीच लोकांना नेऊन देतो ते कागद."

आठ दिवसांनी हुकूम झाला. समन्स कायद्यानं बजावलेलं नाही, एकतर्फी निकाल रद्द, ताब्याचं वॉरंट रद्द, मथुराबाईंनी येऊन आपलं म्हणणं मांडावं. खटला अजून जिंकायचा होता, पण आता तिचं ऐकल्याशिवाय कुणी तिला समाधीवरून उठवू शकत नव्हतं. त्याच दुपारी चाँदपाशाच्या टेबलावर खुलासा मागणारी नोटीस आली. त्यानं सही केली, टाइम लिहिला, तीन वाजून दहा मिनिटं. इन्क्वायरी लागली. जूनचं काय होणार, काही भरवसा राहिला नाही.

तो नोटीस घडी करत व्हरांड्यात आला तर खांबापाशी मथुराबाई उभी. पळावं असं वाटलं, पण पाय हलले नाहीत. ती जवळ आली. शिव्या देईल, नाही तर पाया पडेल, दोन्हीची त्याला भीती वाटत होती. तिनं दोन्ही केलं नाही. वकिलीणबाईनं तिला सगळं समजावून सांगितलं होतं, आणि ती आठ दिवस एकच गोष्ट मनात धरून होती.

"चाँदभाई, एक इचारते. युवराजच्या खोपीतनं माझं रान दिसतंय ना वो?"

"दिसतंय."

"त्या दिशी दिसत हुते का मी?"

खोटं बोलायची आता सोयच राहिली नव्हती.

"व्हय. नाल्याच्या पल्याड. लिंबाखाली तुमच्या चुलीचा धूर चालला होता. तुमी एकल्याच बसला होता, म्होरं दोन ताटं मांडून."

दुसरं ताट कुणाचं, ते त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मग पदरानं तोंड पुसून ती हळूच म्हणाली, "नाला केवढासा त्यो. हाक मारायची की वो, म्या आले असते."